उपग्रहाची फाईल उघडताना : 'एफव्ही', 'डीएस९' आणि हेडरमधली एक ओळ

'अॅस्ट्रोसॅट' ही भारताची पहिली बहुउद्देशीय खगोलीय वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेली. तिने जमविलेल्या नोंदींचा संग्रह 'इस्रो'ने सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून नागपूर किंवा कोल्हापूर येथील पदव्युत्तर विद्यार्थीही संकेतस्थळावर नाव नोंदवून, एक पैसाही न देता, कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे यांचे वेध आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. उतरवून घेतलेल्या फाईलवर दोनदा क्लिक केले, तर ती कशात उघडायची असा प्रश्न संगणकच विचारतो. छायाचित्रे दाखविणारे प्रोग्रॅम तिला ओळखत नाहीत. साध्या मजकुराच्या खिडकीत ती उघडली, तर सुरुवातीला काही इंग्रजी ओळी वाचता येतात आणि पुढे पानेच्या पाने निरर्थक चिन्हे दिसतात.

या फाईली हाताळण्यासाठी चित्रमय, म्हणजे माऊसने चालणारे, प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. ते विनामूल्य आहेत आणि अर्ध्या दिवसात शिकता येतात. त्यांच्यामुळे फाईल पाहणे सोपे झाले, तसे ती बदलणेही सोपे झाले, आणि या दुसऱ्या सोयीकडे नवशिक्यांचे पुरेसे लक्ष जात नाही. म्हणून येथे प्रोग्रॅमची ओळख करून देताना फाईलच्या अंतरंगाकडेही थोडे वळावे लागेल.

ऐंशी अक्षरांची ओळ

खगोलशास्त्रातील जवळपास सर्व निरीक्षणे ज्या स्वरूपात साठविली जातात, त्याचे नाव 'फिट्स'. 'फ्लेक्सिबल इमेज ट्रान्सपोर्ट सिस्टीम' या नावाचे हे लघुरूप आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक वेधशाळेचा संगणक निराळा होता. एका ठिकाणी चुंबकीय फितीवर उतरविलेले चित्र दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नसे. अमेरिकेतील किट पीक वेधशाळा, तेथीलच राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळा आणि नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथील शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये चित्रांच्या देवाणघेवाणीसाठी एक सामाईक पद्धत ठरविली. डॉन वेल्स, एरिक ग्रायसेन आणि आर. एच. हार्टेन यांनी ती १९८१ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तिला मान्यता दिली.

फिट्स फाईलचे दोन भाग असतात. पहिला हेडर, म्हणजे शीर्षलेख, आणि दुसरा प्रत्यक्ष आकड्यांचा साठा. एकाच फाईलमध्ये अशा अनेक जोड्या एकापाठोपाठ एक असू शकतात. हेडरची प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची असते, कारण त्या काळी संगणकाला माहिती देण्यासाठी वापरली जाणारी छिद्रांकित कार्डे ८० स्तंभांची होती. कार्डे केव्हाच इतिहासजमा झाली, तरी ओळीची लांबी तीच राहिली. अशा ३६ ओळींचा, म्हणजे २८८० बाईट्सचा एक गठ्ठा होतो. हा आकडाही सहज आलेला नाही. २८८० बाईट्स म्हणजे २३,०४० बिट्स, आणि या संख्येला १२, १६, १८, २४, ३२, ३६, ४८, ६० व ६४ या साऱ्यांनी नि:शेष भाग जातो. त्या काळच्या संगणकांच्या शब्दांची लांबी याच आकड्यांपैकी एखादी असे, त्यामुळे कोणत्याही यंत्राला गठ्ठा अर्धवट तोडावा लागत नसे.

हेडरमधील प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खूणशब्द असतो. त्याला आठच अक्षरांची मर्यादा असल्याने 'टेलिस्कोप' या नऊ अक्षरी इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर तेथे गळते, तर 'इन्स्ट्रुमेंट' या शब्दाची शेवटची दोन. दुर्बीण कोणती, उपकरण कोणते, लक्ष्य कोणते, निरीक्षण केव्हा सुरू झाले, किती सेकंद चालले, हे सारे या ओळींत लिहिलेले असते. 'फिट्स'चा एक दंडकही आहे. एकदा वैध ठरलेली फाईल कायम वैधच राहिली पाहिजे, स्वरूपात पुढे कितीही भर पडो. चार दशकांपूर्वीची फाईल आजही उघडते ती यामुळे. तारीख लिहिण्याची पद्धत तेवढी एकदा बदलावी लागली. आधी वर्षाचे दोनच अंक लिहीत. २००० साल जवळ येताच १९९७ मध्ये चार अंकी वर्ष आधी, मग महिना आणि मग दिवस, असा नवा नियम ठरला. जुन्या पद्धतीने लिहिलेले वर्ष विसाव्या शतकातीलच समजायचे, हेही तेव्हाच ठरले.

'एफव्ही'ची खिडकी

अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेच्या गोडार्ड अवकाश उड्डाण केंद्रात क्ष-किरण व गॅमा-किरण मोहिमांचा एक मोठा माहितीसंग्रह आहे. 'हीसार्क' या लघुनावाने तो ओळखला जातो. तेथेच 'एफव्ही' हा प्रोग्रॅम तयार झाला. त्याचे काम तीन शब्दांत सांगायचे तर फिट्स फाईल पाहणे, आलेखणे आणि दुरुस्त करणे. लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्ही प्रणालींसाठी तो बनविण्यात आला. दाबून लहान केलेली फाईलही आधी न सोडवता तो थेट उघडतो.

फाईल उघडताच चित्र समोर येईल अशी अपेक्षा असेल, तर थोडी निराशा होते. आधी येते ती अनुक्रमणिकेसारखी एक छोटी खिडकी. फाईलमधील प्रत्येक भागासाठी तीत एक ओळ असते. तो भाग चित्र आहे की तक्ता, आणि त्याचा आकार किती, हे तेथे कळते. त्यापुढे बटणे असतात. एकाने हेडर उघडतो, दुसऱ्याने आलेख निघतो, आणखी एकाने संपूर्ण तक्ता समोर येतो. हवे तेवढेच स्तंभ निवडून पाहण्याचीही सोय आहे. या रूक्ष खिडकीचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो. फाईलमध्ये काय काय आहे हे समजण्याआधी ती वापरणाऱ्याला पुढे जाऊ देत नाही.

उदाहरण म्हणून अॅस्ट्रोसॅटवरील 'सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप' या उपकरणाची फाईल घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते विकसित झाले. क्ष-किरणांच्या दुर्बिणीत छायाचित्र एका फटक्यात निघत नाही. एकेक फोटॉन येतो आणि त्याची स्वतंत्र नोंद होते. म्हणून तिच्या फाईलमध्ये चित्राऐवजी मुख्यत: एक लांबलचक तक्ता असतो. एक ओळ म्हणजे एक घटना, आणि ती बहुतेक वेळा एका फोटॉनची. तो कोणत्या क्षणी आला, शोधकावर आडव्या व उभ्या दिशेने कोठे पडला आणि त्याची ऊर्जा साधारण किती, हे निरनिराळ्या स्तंभांत लिहिलेले असते.

हा तक्ता म्हणजे कच्चा माल होय. 'एफव्ही'मधील हिस्टोग्रामचे बटण दाबून आडव्या आणि उभ्या स्थानाचे दोन स्तंभ निवडले, की कोणत्या चौकोनात किती फोटॉन पडले याची मोजणी होते आणि पडद्यावर आकाशाचे चित्र उमटते. त्याच तक्त्यातील वेळेचा स्तंभ एकटा निवडला, तर तारा केव्हा उजळला व केव्हा मंदावला याचा आलेख मिळतो. ऊर्जेचा स्तंभ निवडला, तर वर्णपटाची पहिली झलक दिसते. तक्ता एक आणि त्यातून निघणारी चित्रे तीन, ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी कळते, त्यापेक्षा माऊसने एकदा करून पाहिल्यावर अधिक कळते. 'एफव्ही'सारख्या प्रोग्रॅमचे शैक्षणिक मोल, या प्रतिनिधीच्या मते, याच ठिकाणी आहे.

वेळेचा स्तंभ पाहून नवखा माणूस हमखास गोंधळतो. तेथे तारीख नसते. २०१६ च्या पहिल्या दिवशीच्या नोंदीत सुमारे १९ कोटी असा आकडा दिसतो. अॅस्ट्रोसॅटची वेळ १ जानेवारी २०१० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते, हे हेडर वाचल्यावरच उमगते. प्रत्येक मोहिमेचा शून्य निराळा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या 'चंद्रा' वेधशाळेचा शून्य १ जानेवारी १९९८ हा, तर 'स्विफ्ट' व 'फर्मी' यांचा १ जानेवारी २००१ हा. दोन उपग्रहांच्या नोंदी हेडर न पाहता एकाच आलेखावर मांडणाऱ्याचा घोळ किती वर्षांचा होईल, ते यावरून दिसेल.

याच फाईलमध्ये आणखी एक लहानसा तक्ता दडलेला असतो आणि तो पाहण्याचा कंटाळा केला जातो. त्यात निरीक्षणाचे 'चांगले कालखंड' दिलेले असतात. अॅस्ट्रोसॅट पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो. प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीच लक्ष्याच्या आड येते. दक्षिण अटलांटिकवरील विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून जाताना नोंदी घेता येत नाहीत. असा वेळ वगळून उरलेल्या तुकड्यांचे आरंभ आणि अंत त्या तक्त्यात असतात. समजा, पहिल्या व शेवटच्या फोटॉनमध्ये ४०,००० सेकंदांचे अंतर आहे, चांगला काळ मात्र १५,००० सेकंदच आहे आणि फोटॉन ३०,००० मिळाले. दर सेकंदाला २ फोटॉन हे खरे उत्तर. छोटा तक्ता न पाहता भागाकार केला, तर ०.७५ असे उत्तर येते. तारा आहे त्याहून निम्म्यापेक्षाही मंद ठरतो.

शेजारचे दोघे

चित्र नीट न्याहाळायचे असेल, तर 'डीएस९' अधिक सोयीचा. अमेरिकेतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेने तो घडविला. त्याच्या नावामागे एक गंमत आहे. तेथील आधीच्या प्रोग्रॅमच्या नावात 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील 'द नेक्स्ट जनरेशन' या पर्वाची आद्याक्षरे होती. पुढच्या प्रोग्रॅमला पुढच्या पर्वाचे, 'डीप स्पेस नाईन'चे, नाव मिळाले. अतिशय तेजस्वी आणि अतिशय अंधूक भाग एकाच चित्रात दिसावेत म्हणून उजेडाची मोजपट्टी बदलणे, ताऱ्याभोवती वर्तुळ आखून त्यातील प्रकाश मोजणे, एका चित्रावर दुसऱ्याच्या समतेजरेषा चढविणे ही कामे त्यात चटकन होतात. लाखो ओळींचे तक्ते असतील आणि एकाशी दुसरा जुळवून पाहायचा असेल, तर ब्रिस्टल विद्यापीठातील मार्क टेलर यांचा 'टॉपकॅट' उपयोगी पडतो.

दुरुस्तीचे बटण

'डीएस९'चा उपयोग प्रामुख्याने पाहण्यासाठी होतो. 'एफव्ही'मध्ये मात्र हेडरची कोणतीही ओळ आणि तक्त्याचा कोणताही चौकोन टाईप करून बदलता येतो व फाईल पुन्हा साठविता येते. ही सोय अनावश्यक नाही. लक्ष्याचे नाव चुकीचे पडलेले असते, एखादी आवश्यक ओळ राहून गेलेली असते, आणि पुढचा प्रोग्रॅम त्यावाचून अडून बसतो. अशा वेळी हाताने दुरुस्ती करावी लागते. पण सर्व ओळी सारख्या वजनाच्या नसतात, आणि खिडकीत त्या दिसतात मात्र सारख्याच.

एक उदाहरण पाहू. फाईलची जागा वाचावी म्हणून चित्रातील आकडे बऱ्याचदा सोळा बिट्सच्या पूर्णांकांत साठविले जातात. 'फिट्स'च्या नियमानुसार असे पूर्णांक उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढेच असू शकतात. कॅमेऱ्याचे आकडे मात्र शून्यापासून ६५,५३५ पर्यंत असतात. यावर तोडगा असा की प्रत्येक आकड्यातून ३२,७६८ वजा करून तो साठवायचा आणि वाचताना तेवढेच मिळवायचे, अशी सूचना हेडरच्या एका ओळीत लिहून ठेवायची. ती ओळ अनवधानाने पुसली गेली, तर आकड्यांच्या साठ्यातील एकही बाईट बदलत नाही. तरीही आकाशाच्या पार्श्वभूमीचा ५०० हा आकडा उणे ३२,२६८ असा वाचला जातो. अशी चूक निदान डोळ्यांत खुपते. मोजपट्टीचा गुणक थोडासा बदलला, तर चित्र हुबेहूब तसेच दिसते आणि त्यावरून काढलेली सर्व तेजस्वितेची मापे चुकतात.

वेळेच्या बाबतीत तर फारच काटेकोर राहावे लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने एकाच ताऱ्याचे स्पंद वर्षातून काही महिने लवकर, तर काही महिने उशिरा पोहोचतात. हा फरक सव्वाआठ मिनिटांपर्यंत जातो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापाशी घड्याळ ठेवले असते तर किती दिसली असती, अशी बदलून घेतात आणि तसे केल्याची खूण हेडरमध्ये करतात. ती खूण नसताना तक्ता बदललेला असेल, तर पुढचा माणूस तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करील. खूण हाताने घातली आणि तक्ता तसाच राहिला, तर दुरुस्ती कधीच होणार नाही.

अशा दुरुस्तीतील उणीव केवढी महाग पडू शकते, हे खगोलशास्त्राने १९९१ मध्ये अनुभवले. ते प्रकरण उपग्रहाचे नव्हते, जमिनीवरील रेडिओ दुर्बिणीचे होते, पण गणित हेच होते. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेच्या अँड्र्यू लाईन, मॅथ्यू बेल्स व त्यांच्या सहकाऱ्याने एका स्पंदक ताऱ्याभोवती सहा महिन्यांत फेरी पूर्ण करणारा ग्रह सापडल्याचे त्या वर्षीच्या जुलैमध्ये 'नेचर' नियतकालिकात जाहीर केले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा तो मोठा दावा होता. पुढे गणित पुन्हा तपासताना दोष आढळला. ताऱ्याचे आरंभी धरलेले स्थान किंचित चुकीचे होते, आणि आधीच्या दुरुस्तीत पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती पुरेशी विचारात घेतली गेली नव्हती. दोन्ही मिळून सहा महिन्यांची एक खोटी हालचाल निर्माण झाली होती. जानेवारी १९९२ मध्ये अॅटलांटा येथील परिषदेत लाईन यांनी सर्वांसमोर दावा मागे घेतला आणि उपस्थितांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्याच परिषदेत अलेक्सांडर वोलशचान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीच्या ग्रहांविषयी सांगितले, आणि ते खरे ठरले.

लाईन यांना चूक शोधता आली, कारण मूळ नोंदी हाताशी होत्या आणि गणिताची पायरी न् पायरी पुन्हा करता येत होती. माऊसने केलेल्या बदलांत नेमकी हीच गोष्ट हरवते. आज्ञा टंकून चालणारी 'हीसार्क'ची साधने आपण काय केले याची नोंद हेडरमधील 'हिस्ट्री' या ओळींत करू शकतात. आज्ञांची यादी वेगळ्या फाईलमध्ये ठेवता येते, ती दुसऱ्याला देता येते, सहा महिन्यांनी पुन्हा चालविता येते. खिडकीत कोणत्या चौकोनावर क्लिक केले, हे मात्र दुसऱ्या आठवड्यात करणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून अनुभवी मंडळी पाहण्यासाठी 'एफव्ही' आणि बदलण्यासाठी लिहिलेल्या आज्ञा, अशी विभागणी करतात. हल्ली हे काम पायथॉन भाषेतील 'अॅस्ट्रोपाय' या संचातूनही केले जाते. हाताने बदल करणे भागच असेल, तर मूळ फाईलची प्रत केवळ वाचता येईल अशी बाजूला ठेवावी आणि बदललेल्या फाईलमध्ये 'हिस्ट्री'ची ओळ स्वत: लिहावी. त्यात तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण असावे. ८० अक्षरांत हे बसते.

अनेक फाईलींच्या हेडरमध्ये तपासणीचे दोन अंक असतात, एक केवळ आकड्यांच्या साठ्यासाठी आणि दुसरा हेडरसह संपूर्ण भागासाठी. फाईलमधील एखादे अक्षर बदलले की बेरीज जुळत नाही. उतरवून घेताना फाईल बिघडली काय, किंवा नकळत कळफलकावर बोट पडले काय, हे त्यावरून कळते. हेतुपुरस्सर बदल करून अंक नव्याने काढणाऱ्याला मात्र ही बेरीज अडवू शकत नाही.

फाईली कोठे मिळतात

अॅस्ट्रोसॅटचे संकेत बंगळुरूजवळील ब्यालालू येथील केंद्रात येतात. त्यांवर पहिले संस्कार होऊन नोंदी उपकरणानिहाय संस्थांकडे जातात. कॅडमियम-झिंक-टेल्युराईड शोधकाच्या नोंदी पुण्यातील 'आयुका'मध्ये, दोन क्ष-किरण उपकरणांच्या मुंबईच्या टाटा संस्थेत आणि अतिनील दुर्बिणीच्या बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत तपासल्या जातात. कच्च्या फाईली पहिल्या पातळीच्या, तर तपासलेल्या दुसऱ्या पातळीच्या म्हणून ओळखल्या जातात. नवशिक्याने दुसऱ्या पातळीपासून आरंभ करावा. 'आयुका'चे कनक साहा यांच्या गटाने ऑगस्ट २०२० मध्ये 'नेचर अॅस्ट्रॉनॉमी'त सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील तीव्र अतिनील प्रकाशाचा जो शोध जाहीर केला, तो याच वेधशाळेच्या अतिनील दुर्बिणीच्या नोंदींतून लागला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या 'आदित्य-एल१' या सौर मोहिमेच्या नोंदीही फिट्स स्वरूपातच आहेत. तिच्यावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण 'आयुका'ने घडविली.

सरावासाठी क्रॅब, म्हणजे खेकडा तेजोमेघातील स्पंदक, हे लक्ष्य उत्तम. तो सेकंदाला सुमारे ३० वेळा स्पंदतो, म्हणजे दोन स्पंदांतील अंतर साधारण ३३ मिलिसेकंद. प्रकाशाला अॅस्ट्रोसॅटच्या कक्षेची त्रिज्या ओलांडायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तेव्हा येथे पृथ्वीच्याच नव्हे, तर खुद्द उपग्रहाच्या फिरण्याचीही दुरुस्ती आवश्यक ठरते, आणि त्यासाठी कक्षेची वेगळी फाईल नोंदींसोबत उतरवून घ्यावी लागते. दुरुस्तीनंतर फोटॉनच्या वेळा स्पंदाच्या आवर्तनकाळावर घडी घालून मांडल्या, की एका आवर्तनात दोन शिखरे दिसायला हवीत. ती न दिसता आलेख सपाट आला, तर उपकरणाला दोष देण्यापूर्वी 'एफव्ही'त हेडर उघडून कालसंदर्भाची ओळ वाचावी. पृथ्वीची वेळ की सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची, हे तेथे लिहिलेले असते.